पाहुण्यांच्या गाड्या

"एवढ्या?" सुलक्षणानं पिशवी ओट्यावर पालथी केली. पांढऱ्याफटक प्लास्टिकच्या गाड्या घरंगळत भिंतीपर्यंत गेल्या. एकेक गाडी बोटाच्या दोन पेरांएवढी. "अरं निरंजन, हे काय करायचं मी?"

"साठ हायेत. रंगवायच्यात." तिचा धाकटा भाऊ दारातच उभा होता. "बिल्डर लोक टेबलावर मॉडेल मांडत्यात न्हाई का? बारकं बारकं बंगलं, झाडं, रस्तं. त्याच्यात ठेवायच्यात. मॉडेल करनारी हिंजवडीची बाई म्हनली, गाड्यांना नीट रंग कुनी देत न्हाई. म्या म्हनलं, आमची आक्का हाय की."

"कुटला प्रोजेक्ट?"

"हाय तिकडं, ताम्हिणीच्या अंगाला. बिल्डर वळखीचा हाय आपल्या." तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत म्हणाला. "पाडव्याला बुकिंग सुरू व्हनार. त्याच्या आत पायजेत. लोकांना दिसू दे की तुझ्या हातचं काम."

सुलक्षणानं एक गाडी उचलून उजेडात धरली. साच्यातून निघालेली कड टपावर तशीच राहिली होती. "आदी घासायला लागतील," ती म्हणाली. म्हणजे काम तिनं घेतलं होतं.

ती एकोणपन्नास वर्षांची होती. पिरंगुटला दातांच्या दवाखान्यात एकवीस वर्षं मदतनीस म्हणून काम करत होती. तिचं लग्न चौदा महिने टिकलं. मग वडील, गेणबा, स्वतः जाऊन तिला कासार आंबोलीला परत घेऊन आले. कुणाला काही सांगितलं नाही, कुणाला काही विचारू दिलं नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांनी घराच्या मागं, ओढ्याकडच्या कडेला, दोन खोल्या बांधल्या आणि कुलपाची किल्ली तिच्या हातात दिली. "ह्या तुझ्या," एवढंच म्हणाले. कागद वगैरे करायचं त्यांच्या मनातही आलं नसेल.

गाड्यांचा नाद लागला तो दवाखान्यात. डॉक्टरांनी हौसेनं एक जोडायची गाडी मागवली होती. खोक्यात शे-सव्वाशे सुटे भाग. पण दिवसभर लोकांच्या दाढा कोरणारा माणूस घरी जाऊन आणखी बारीक काम कशाला करतोय? वर्षभर खोकं कपाटात पडून राहिलं. शेवटी ते म्हणाले, "सुलक्षणाताई, घेऊन जा. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." दोन महिन्यांनी तिनं लाल रंगाची, दारं उघडणारी गाडी त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा ते खुर्चीतून उठले होते.

तेव्हापासून चौदा वर्षं. जोडायचं, घासायचं, अस्तर द्यायचं, मग रंगाचे पातळ हात. एक वाळला की दुसरा. दवाखान्यातून बाद झालेल्या दात कोरायच्या सळयांनी ती दारांच्या फटी कोरायची. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून गाडीवर पिठाची चाळणी पालथी घालायची. फळीवर एकतीस गाड्या झाल्या होत्या. निरंजनकडं कुणी आलं की तो त्यांना मुद्दाम मागच्या खोल्यांत घेऊन यायचा. "बघा, आमच्या आक्काचं शोरूम." त्याच्या आवाजात खरंच अभिमान असायचा.

वडिलांमागोमाग आई, रंभाबाई, गेल्यावर, सहा वर्षांमागं, तिनं पौडला जाऊन घर-जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती. "बँकेला एकच नाव लागतंय, आक्का," निरंजन म्हणाला होता. "कागदाचं काय एवढं? तुझ्या खोल्यांना कोन हात लावतंय, मी असताना?" तिनं सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. बाहेर येऊन दोघांनी मिसळ खाल्ली. पुढच्या आठवड्यात त्यानं पुण्याहून तिच्यासाठी रंग फवारायची बारीक बंदूक आणली, छोट्या कॉम्प्रेसरसकट. त्या भेटीचं तिला किती अप्रूप वाटलं होतं! दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं ते सांगितलं.

साठ गाड्या रंगवायला तिला पाच आठवडे लागले. दवाखान्यातून आली की चहा घेऊन बसायची, उजेड असेतोवर. नुसते रंग दिले असते तरी चाललं असतं. पण तिला ते जमेना. काचा तिनं गडद करड्या केल्या आणि वरच्या कडेला पुसट निळा दिला, आभाळ पडल्यासारखा. मागचे दिवे सळईच्या टोकानं टेकवले. एकीच्या चाकांना चिखल लावला, कारण मुळशीत पावसाळ्यात आलेली गाडी स्वच्छ कशी राहील? दोन गाड्यांना तिनं कंपनीच्या कॅबसारख्या पिवळ्या पाट्या केल्या. फोटो पाठवले तर मॉडेल करणाऱ्या अपेक्षाचा लगेच फोन आला.

"मॅडम, अमेझिंग काम आहे! फक्त प्लीज, कॅब नको. आणि तो चिखलपण काढाल का? क्लायंटला सगळं क्लीन लागतं."

सुलक्षणानं कॅबच्या पाट्या पांढऱ्या केल्या. चिखल पुसला.

पाडव्याच्या तीन दिवस आधी अपेक्षानं तिला हिंजवडीला बोलावलं. "तुमच्या गाड्या तुम्हीच प्लेस करा ना, मॅडम. आमची पोरं अंगठ्यानं रंग घालवतील." सुलक्षणानं अर्धा दिवस रजा टाकली, डबे मांडीवर घेऊन कॅबमधून गेली. ट्रॅफिकमध्ये तासभर गेला, पण तिला काही वाटलं नाही. आपलं काम कुणीतरी बघणार, या विचारात ती होती.

मॉडेल मोठ्या टेबलावर मांडलेलं होतं. लाल कौलांचे बंगले, स्पंजाची झाडं, निळ्या काचेचा तलाव. अपेक्षानं तिच्या हातात चिमटा आणि नकाशाचा कागद दिला. कुठं किती गाड्या, ते त्यावर लिहिलं होतं. बंगल्यांसमोर एकेक, क्लबहाऊसजवळ वीस, आणि कोपऱ्यात व्हिजिटर पार्किंग: बारा.

बंगल्यांच्या गाड्या झाल्या, क्लबहाऊसच्या झाल्या. मग ती टेबलाला वळसा घालून कोपऱ्याकडं आली. पाहुण्यांच्या आठ गाड्या लावून झाल्यावर पाठ सरळ करायला ती उभी राहिली, आणि वरून तिला ओढा दिसला.

ओढा कोपरात मुडपलेल्या हातासारखा वळला होता. पलीकडं डोंगराची सोंड, तिच्या मध्यावर खाच. अलीकडं गोल विहीर. तिच्याभोवती आता बाकं आणि फुलझाडं होती, पण विहीर तीच. तिनं विहिरीपासून मनातल्या मनात पावलं टाकली. घर. घरामागं चिंच. चिंचेच्या खाली उतार, आणि उतार संपतो तिथं, ओढ्याच्या वळणाच्या आत...

तिथं तिच्या आठ गाड्या उभ्या होत्या.

"हे गाव कुठलं?" तिनं विचारलं.

"कासार आंबोली," अपेक्षा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? निरंजन सर लँडओनर आहेत ना. त्यांनीच तर तुमचं नाव सांगितलं." ती उठून जवळ आली. "मॅडम? बसता का जरा? पाणी आणू?"

"नको. चार राहिल्यात."

सुलक्षणानं चिमट्यात नववी गाडी धरली. हात हलला नाही. पेशंट खुर्चीत कितीही तडफडला तरी हातातली लाळ ओढायची नळी हलू द्यायची नसते, ही एकवीस वर्षांची सवय होती. तिनं चारही गाड्या ओळीत, सारख्या अंतरावर लावल्या.

निघताना अपेक्षा म्हणाली, "खाली एक छोटी पाटी करणार आहोत. तुमचं नाव टाकते त्यात. पूर्ण नाव सांगा ना."

"नाव नको," सुलक्षणा म्हणाली आणि रिकामे डबे घेऊन जिना उतरली.

ती घरी आली तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. निरंजन फोनवर बोलत बसला होता. तिचा चेहरा बघून त्याची बायको, रेश्मा, हातातलं सूप तसंच टाकून आत गेली. म्हणजे हिलाही माहीत होतं.

"मॉडेल बघून आले," सुलक्षणा म्हणाली.

निरंजननं फोन बंद केला. "चांगलं झालंय न्हाई?"

"माझ्या खोल्यांवर बारा गाड्या लावल्यात. म्याच लावल्या."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, सगळ्या भावकीनं दिली जमीन. मी एकटा मधी राहून काय करनार व्हतो?"

"जमिनीचं मी इचारलं का? मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगनार व्हतो. चारदा तुझ्या दारापत्तुर आलो. तू रंगवत बसलेली असायचीस. तोंडानं सांगता येईना." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "म्हनलं, तू मॉडेल बघशीलच. तुझं तुला कळंल."

सुलक्षणा त्याच्याकडं बघत राहिली. या माणसाला तिनं कडेवर घेऊन ओढा ओलांडला होता. "म्हंजे ह्या साठ गाड्या, ह्यो तुझा निरोप व्हता," ती म्हणाली. "पाच आठवडं मी तुझा निरोप रंगवत बसले."

"तसं न्हाई, आक्का..."

"ताम्हिणीच्या अंगाला म्हनलास."

निरंजन एकदम चिडला. "कागद रीतसर हायेत सगळे. जबरदस्ती केली व्हती का कुनी? तूच सही केलीस ना?"

"व्हय," ती म्हणाली. "म्याच केली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं नसतं तर ती बोललीही नसती. त्यांनी पौडच्या एका वकिलाचं नाव दिलं. वकिलानं हक्कसोडपत्राची नक्कल शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि विचारलं, "ताई, हे वाचून सही केली होती?"

"भाऊ व्हता," सुलक्षणा म्हणाली.

वकिलानं कागद तिच्यापुढं सरकवला.

पाडव्याला पुढच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. निरंजनला शाल-श्रीफळ मिळालं. सकाळपासून पुण्याच्या गाड्या येत होत्या. वर जागा उरली नाही, तेव्हा त्या उतारावरून खाली आल्या आणि सुलक्षणाच्या अंगणात उभ्या राहिल्या. एका करड्या गाडीचं चाक तिच्या तुळशीच्या कट्ट्याला टेकलं होतं. त्यातून उतरलेल्या माणसानं दारात येऊन विचारलं, "मावशी, पाणी मिळेल का?"

तिनं तांब्या-पेला आणून दिला. पाणी पिऊन तो आजूबाजूला बघत म्हणाला, "छान आहे हो हा कोपरा. ओढा वगैरे. इथं काय येणार आहे?"

"पार्किंग."

"अरेरे," तो म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. पेला परत देताना तो 'थँक्यू' म्हणाला आणि मांडवाकडं निघून गेला.

निरंजन म्हणत होता, पौडला तुला खोली बघून देतो. तिनं ती स्वतः बघितली. गोजराबाई नावाच्या एका विधवा बाईच्या घरात, वरच्या मजल्यावर, रस्त्याकडची. अक्षय्य तृतीयेनंतर तिनं टेम्पो सांगितला. निरंजन सकाळीच आला, कपाट उचलू लागला, पलंग खोलू लागला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. गाड्यांच्या खोक्यांकडं तो वळला, तेव्हा ती मध्ये आली.

"ती राहू दे. मी नेते."

ती ड्रायव्हरशेजारी बसली. निरंजननं बाहेरून दार लावलं आणि खिडकीची कड धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते. हेच तिला सोसवेना.

"येत जा, आक्का."

"कुटं?" तिनं विचारलं.

त्यानं खिडकीची कड सोडली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

गोजराबाईंनी खोली झाडून ठेवली होती. हमाल सामान टाकून गेल्यावर त्या चहा घेऊन वर आल्या, पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि कुठल्याही बाईनं कुठल्याही बाईला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "माहेर कुटलं म्हनायचं तुमचं?"

"जवळच हाय," सुलक्षणा म्हणाली. चहा संपवून तिनं कप खाली ठेवला. समोरची भिंत नुकतीच रंगवलेली होती, फिक्या पिवळ्या रंगाची. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता.

"आजी," ती जरा अडखळत म्हणाली, "भिंतीला खिळा मारला तर चालंल का? गाड्यांची फळी लावायची व्हती."

गोजराबाईंनी भिंतीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मारा की. पन येकच हां. नवा रंग हाय."

त्या खाली गेल्या आणि थोड्या वेळानं नातवाच्या हाती एक खिळा आणि हातोडी वर पाठवून दिली. सुलक्षणा खिळा चिमटीत धरून भिंतीसमोर उभी राहिली. एका जागी तिनं तो टेकवून पाहिला, पुन्हा उचलला, वीतभर बाजूला टेकवला, पुन्हा उचलला. खाली पौडचा बाजार उठत आला होता, तरी ती अजून उभीच होती.