मुठीजवळचे दात

मित्रांनो, मला जुना म्हणा, ठिगळ्या म्हणा, मी रागावणार नाही. कुत्र्याला फिरवायचा चामडी पट्टा मी. कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांनी मला कापलं, मेणाच्या दोऱ्यानं शिवलं, तेल चोळून मऊ केलं.

मावशींच्या घरी आलो तो गुंड्यासाठी. वर्षाचं कुत्रं, पण अंगात वारं भरलेलं! दाराबाहेर पाऊल पडलं की उडी मारून मला दातांत धरायचा. मावशी ओढायच्या, तो ओढायचा, आणि सोलवटून निघायचो मी. एकदा त्या ओढाताणीत मावशी पायरीवर पडल्या. गुडघा टम्म सुजला.

मावशींचे थोरले भाऊ म्हणाले, "अगं, हाडं मोडून घेशील! रविवारी गाडी आणतो. लांबच्या गोदामावर राखणीला बांधू त्याला."

मावशींनी मला खुंटीवरून काढलं. मग लंगडत मला काकांकडे शिवायला घेऊन गेल्या.

काकांनी मला उजेडात धरलं आणि हसले. "ताई, दात बघा कुठे उमटलेत. गळपट्ट्याकडे एकही नाही, सगळे तुमच्या मुठीजवळ. याला सुटायचं नाहीये. तुम्ही ओढता, त्याला वाटतं खेळताय."

"म्हणजे इतके दिवस मीच त्याला खेळायला बोलावत होते?"

"आणि माझ्या पट्ट्याचा जीव घेत होतात!"

दुसऱ्या दिवसापासून गुंड्यानं मला धरलं की मावशी मला ढील देऊन खांबासारख्या उभ्या. शेजारीण विचारून गेली, "मावशी, पुतळा झालात की काय?" मला सोडावं म्हणून पुढे केलेलं बिस्किट गुंड्या हुंगेनाही. मग त्यांनी कमरेला जुना टॉवेल खोचला. मला सोडून तो चार पावलं नीट चालला की टॉवेल बाहेर: ओढ बाबा, हवं तितकं! चाराची दहा झाली, दहाची अख्खी गल्ली. गुडघा ठणकत असताना आवाज एकदाही चढला नाही. एवढा धीर मी कुणाच्या हातात अनुभवला नव्हता.

रविवारी भाऊ आले. मला हातात घेतलं आणि सवयीनं हिसका दिला. गुंड्यानं खसकन मला धरलं.

"बघ! सुधारलाय म्हणे!"

"दादा, हात सैल सोड. आणि जमलं तर गप्प उभा राहा."

दादा उभे राहिले. मी सैल झुललो. गुंड्यानं वाट पाहिली, पाहिली, मला टाकलं आणि दादांच्या पायाशी बसला.

दादांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. म्हणाले, "टॉवेल दे इकडे."

मित्रांनो, तुमच्या हातीही कधी असा पट्टा येईल. कुत्रं त्याला चावलं तर ओरडू नका, आधी आपली मूठ पाहा. जनावराला आपली ओढ लागली, की त्याला ओढावं लागत नाही.