झाडाखाली थांबू नका

वीज अडवायचं यंत्र तुम्ही कचेरीच्या डोक्यावर बसवलं, साहेब. कचेरीत विजेनं कोण मरतं? मागच्या वीस वर्षांत तुमचा एक तरी कारकून खुर्चीत बसल्या बसल्या जळून गेला असेल, तर त्याचं नाव सांगा. माणसं मरतात ती शिवारात. खुरप्यावर वाकलेली, बैल सोडायला धावलेली, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभी असलेली. हे ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. तुमच्याच पत्रकावर छापलं आहे : ‘विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीचा आसरा घ्या.’ शिवारात पक्की इमारत कुठं असते, तेवढं छापायचं राहिलं.

ते पत्रक मलप्पानं आपल्या बांधावरच्या चिंचेला खिळ्यानं ठोकलं होतं. पावसानं त्याची शाई उतरली, की तो तालुक्याला जाऊन दुसरं आणायचा. कचेरीत गठ्ठाच पडलेला असायचा. कुणी नेत नव्हतं.

मलप्पाचं वय चौसष्ट. पाच एकर रान, गावापासून दीड कोस, मध्ये ओढा. त्या अख्ख्या अंगाला सावली म्हणावी अशी ही एकच चिंच. पोरगा राजशेखर हैदराबादला औषधांच्या कारखान्यात. घरी चूल एकट्याची. आभाळ भरून आलं, की मलप्पा हातातलं काम टाकून चिंचेखाली येऊन उभा राहायचा. आसऱ्याला नाही, आलेल्यांना हाकलायला. गावात त्याला चिंचेचा जागल्या म्हणायला लागले होते. मलप्पाला ते कळत होतं. कळलं तरी करणार काय?

जुलैचा पहिला आठवडा. सोयाबीन वीतभर झालेलं. शेजारच्या रानात सिंधूची टोळी खुरपायला आलेली, दहा बाया. दुपारी उदगीरच्या अंगानं काळं उठलं आणि बाया पळत चिंचेखाली आल्या.

“उठा! भायेर निघा म्हणतो ना!” मलप्पा ओरडला.

“आप्पा, चिंच काय सासऱ्यानं आंदण दिली का तुम्हाला?” सिंधूनं पदर पिळत विचारलं. बाया हसल्या.

“भिजल्यानं कुणी मरत न्हाई.”

“मरत न्हाई, पर तापानं चार दिस पडलं तर माझ्या घरी भाकरी थापायला तुम्ही येणार का?”

“येतो. भाकरी येती मला.”

“ती पर कशी येती ते ठाव हाय. परवा तुमच्या घराकडनं धूरच धूर.” पुन्हा हसू झालं. मग सिंधू हसायची थांबली. “बरं आप्पा, हितं नको म्हणता. मान्य. मग उभं कुठं ऱ्हायाचं, तेवढं सांगा. वढा चढलाय. गाव तिकडं. कुठं जावं?”

पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं ते मलप्पानं सांगितलं. उघड्यावर उकिडवं बसा. पाय जोडून घ्या, कानावर हात धरा. एकमेकींपासून लांब बसा.

“लांब कशाला?” एकीनं विचारलं. “भ्या वाटल्यावर माणूस माणसाला धरतंय.”

“एकीवर पडली तर दुसरी वाचावी म्हणून.”

कुणी हसलं नाही. बाया सोयाबीनच्या तासातासांत पांगून बसल्या. मलप्पाही बसला, सगळ्यांत लांब. त्या दिवशी वीज दुसरीकडं कुठंतरी पडली.

मलप्पा हाकलायचा त्याचं कारण हे, की मागच्या सोयाबीन काढणीला वीज इथंच, या चिंचेवर पडली होती. दसऱ्यानंतरचा चौथा दिवस. मलप्पा गंजीवर ताडपत्री ओढत होता. बायको दुसरं टोक धरून उभी होती. थेंब आले. तो म्हणाला, “जा, चिंचंखाली थांब. भिजशील.” ती म्हणाली, “हे टोक कोण धरंल?” तो तिच्यावर खेकसला, “जा म्हणलं ना!” ती गेली. पुढचं त्यानं पाहिलं नाही. पांढरं झालं, कान बंद पडले आणि जरा वेळानं चिंचेची साल उकलून लोंबताना दिसली.

लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला त्याच रानात, चिंचेपासून पन्नास पावलांवर बसवून समाधी दिली. पोलीस पाटील शेषेराव म्हणत होता, “मलप्पा, आधी दवाखान्यात नेऊ. पोस्टमार्टम लागतंय. नंतर तकलीफ होईल.” मलप्पा म्हणाला, “तिला कापायचं न्हाई.” एवढं एकच वाक्य तो त्या दिवशी ठाम बोलला. अंगावर जखम नव्हती, कानामागं फक्त काळी रेघ. कापून काय बघायचं? तळहातावर इष्टलिंग ठेवलं, बेल टाकला, विभूती टाकली, माती लोटली. जंगमस्वामी म्हणाले, “आता ती शिवाची झाली. आता तिला हलवायचं न्हाई.” शेषेरावनंही माणुसकी म्हणून वर कळवलं नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत मरणाचं कारण भरावं लागतं. ग्रामसेवकानं हृदयविकार लिहिलं.

सिंधूच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी मलप्पा तालुक्याला गेला. रविकांत नावाचा कारकून तिथं आपत्तीचं टेबल बघायचा. पोरगा बरा होता. मलप्पाला खुर्ची द्यायचा.

“शिवारात खांबावर बसवायला यंत्रं आलीत म्हणं. आमच्याकडं एक द्या. सोबत पत्र्याची न्हाई, पक्की खोली.”

“काका, यंत्र मिळतंय ते जिथं विजेनं माणूस दगावलं त्या गावाला. तुमचं गाव यादीत निरंक हाय.”

“निरंक म्हंजी?”

“म्हंजी काहीच न्हाई. कुणी मेलं न्हाई.”

“माझी बायको मेली की.”

“नाव?”

मलप्पानं चाळीस वर्षांत बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. राजूची अव्वा, नाहीतर नुसतं ‘अगं’. ते नाव तो पहिल्यांदा कचेरीत बोलला. “मल्लम्मा.” त्याला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

रविकांतनं कागद चाळले. हृदयविकार. “बदलता येईल का?” “येईल, पर शवविच्छेदनाचा अहवाल लागतो.” “ती मातीत हाय.” रविकांत खाली बघून म्हणाला, “मग परवानगी काढून उकरावं लागतंय, काका.”

“नऊ महिने झाले. आता काय दिसणार?”

“दिसंल न दिसंल. फाईलला जोडपत्र लागतंय.”

बघा हं. यंत्र पाहिजे तर आधी माणूस मेलं पाहिजे. आणि मेलं म्हणायला ते पुन्हा वर आलं पाहिजे.

संमतीचा कागद घेऊन मलप्पा घरी आला. सहीची जागा कोरी होती. चार दिवस कागद देवळीत पडून राहिला. जंगमस्वामींना विचारलं, तर ते उठून गेले. राजशेखरला फोन लावला.

“आप्पा, तुम्हाला येड लागलंय का? अव्वाला उकरणार? एका खांबासाठी?”

“खांबासाठी न्हाई रे. बाया बसतात तिथं.”

“कुणाच्या बाया? तुमच्या कोण लागतात त्या?”

“तुझ्या अव्वाला मीच धाडलं झाडाखाली.”

पलीकडं कारखान्याचा भोंगा ऐकू आला. “मी येणार न्हाई तेव्हा,” राजशेखर म्हणाला. “मला बघवणार न्हाई.” आणि फोन ठेवला.

मलप्पा समाधीवर गेला. दर सोमवारी बेल वाहायचा, आज गुरुवार होता. ओट्याच्या दगडाला पाठ लावून बसला. “अगं,” म्हणाला. मग थांबून, “मल्लम्मा.” या नावानं तिला हाक मारायची राहूनच गेली होती. “तू म्हणलीस, टोक कोण धरंल. मी खेकसलो. आता पुन्यांदा त्रास देतो. एकदाच. रागावू नको.” रानात वाऱ्याशिवाय काही नव्हतं. त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

पंचांची तारीख पुढच्या बुधवारची, सकाळी अकरा. डॉक्टर, साहेब, दोन पोलीस येणार होते. मलप्पा आठलाच रानात गेला. परक्या माणसाची सब्बल-पहार तिच्या ओट्याला लागू नये म्हणून त्यानं स्वतः दगड काढले, एकावर एक नीट रचले. मग खोऱ्यानं माती काढायला लागला. कंबरेला कळ येत होती. मांडीएवढं खोल गेल्यावर मातीत एक पान लागलं. बेलाचं. काळं, वाळून पातळ झालेलं, पण तीन पानांचं तीन पानीच. मलप्पाचा हात पुढं सरकेना. त्यानं पान कपाळाला लावलं, धोतराच्या सोग्यात बांधलं आणि खड्ड्याच्या काठावर बसला. बाकीचं ते येऊन करतील.

अकरा वाजले. साडेअकरा. उदगीरच्या अंगाला काळं उठलं. फोन वाजला.

“काका, रविकांत बोलतोय. आज पंच येत न्हाईत.”

“मी खांदून बसलोय.”

“वरनं इशारा आलाय. विजांचा. कर्मचाऱ्यांनी कार्यालय सोडू नये असा हुकूम हाय. पुढची तारीख कळवतो.”

मलप्पाला आधी अर्थच लागेना. मग लागला. “तू कुठं हायस आत्ता?”

“कचेरीत.”

“वर यंत्र हाय ना तुमच्या?”

“हाय,” रविकांत म्हणाला.

गडगडलं. सिंधूची टोळी पळत आली. चिंचेकडं वळता वळता सगळ्यांनी मलप्पाकडं बघितलं आणि आपणहून थांबल्या. हाकलायची गरज पडली नाही. तासातासांत पांगल्या, उकिडव्या बसल्या. सिंधू मात्र खड्ड्यापाशी आली. आत बघितलं, रचलेले दगड बघितले. डोक्यावरची प्लास्टिकची खोळ काढली, खड्ड्यावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग उघड्या डोक्यानं वीस पावलं लांब जाऊन बसली.

थेंब आले. मलप्पानं फोन तसाच धरला होता.

“काका, ठेवू का?” रविकांत म्हणाला.

“ठेवू नको. साहेबाला दे.”

“साहेब मीटिंगमध्ये हायत.”

“मग फोन तसाच त्यांच्या टेबलावर ठेव. ऐकू दे.” मलप्पा खाली वाकला. पाय जोडले, एक हात कानावर धरला. दुसरा रिकामा नव्हता. “पुढची तारीख न्हाई, साहेब. तिला मी पुन्हा उकरणार न्हाई. पाऊस थांबला की माती लोटतो. तुम्हाला भ्या वाटलं, तुम्ही छपराखाली थांबलाव. बरं केलंत. माणसानं थांबावंच. पर हितं दहा बाया हायत आणि मी हाय. तुमचा कागद वाचून आम्ही झाडाखालनं उठलोय. उघड्यावर बसलोय. वढा चढून राहिलाय. ऐकून राहिलाव ना? झाडाखाली थांबू नका म्हणालाव. न्हाई थांबलो. आता कुठं थांबायचं, ते सांगा.”

पलीकडं पंख्याचा आवाज येत होता.

“सांगा की, साहेब. मी फोन ठेवत न्हाई. कुठं थांबायचं?”