कढईचं आणि बाटलीचं वैर

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझ्या कानाला कडी आहे, ती काही तुमच्या शाबासकीसाठी लावलेली नाही.

वालूरच्या एका लोहाराने मला घडवलं. त्याच्या घणाच्या दणक्याने पार सेलूच्या बाजारातल्या बरण्या नाचायच्या. धुरपताबाईच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्यासोबत पूर्णेला पाठवलं आणि बजावलं, "हिच्यात कालवण करू नगंस. ही केसाची कढई हाय."

तेव्हापासून दर आठवड्याला माझ्यात शिकेकाई, आवळकाठी आणि दोन रिठे रात्रभर भिजायचे. सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं आटायचं. लोखंडात आवळा पडला की काढा शाईसारखा काळा होतो. तो फडक्यातून गाळायचा आणि धुरपताबाईने त्याने न्हायचं. काय वेणी होती तिची! एकदा चुडाव्याच्या फलाटावर ती बहिणीला सोडायला गेली आणि वेणीचं टोक डब्याच्या दारात अडकलं. इंजिनाने जोर लावला, शिट्ट्या मारल्या, पण वेणी तुटेना आणि गाडी हलेना. शेवटी गार्ड खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, लय उशीर झाला, आता सोडा गाडी."

मग घरात ही आली. ही समोरच्या कोनाड्यात बसलेली गुलाबी शाम्पूची बाटली. हिच्या पोटावर लांब केसांच्या एका बाईचं चित्र आहे. ती बाई आमच्याकडे एकदाही न्हायला आलेली नाही. तरी सगळे हिच्या नादी लागले आणि मला ओल्या अंगाने न्हाणीघरातल्या जाळीच्या मांडणीवर टाकून दिलं. अंगावर गंज चढला. आता माझ्यात वजरी ठेवतात, टाचा घासायचा तो खरबरीत दगड. तो ओला ठेवला तरी माझ्यात पाणी साचत नाही, एवढंच काय ते माझं कौतुक.

पण दिवस फिरतात. धुरपताबाईची नात अपेक्षा बारावीला आहे. तिचे केस कमरेपर्यंत. बोअरच्या खारट पाण्याने ते आधीच रुक्ष झालेले. त्यात तिच्या आईने, राजेश्रीने, मावशीच्या लग्नासाठी पार्लरात नेऊन गरम मशीनने ते सरळ करून आणले. महिनाभरात केस म्हणजे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या झाले. कंगवा घातला की कटाकट तुटायचे. पोरगी डोक्याला स्कार्फ बांधून कॉलेजला जायला लागली. राजेश्रीने ठरवून टाकलं, रविवारी मानेपाशी कापून टाकायचे. अपेक्षा न्हाणीघरात नळ सोडून रडायची. बाहेर कुणाला कळायचं नाही, पण मी तर आतच होते.

त्यावरून न्हाणीघराच्या दारातच सासू-सुनेची जुंपली.

"कात्रीचं नाव काढू नगंस, राजेश्री! रविवारपस्तोर तिचं डोकं माझ्या हवाली कर."

"आत्याबाई, तुमच्या रिठ्यानं माझ्या केसांची केरसुणी झाली व्हती, इसरलात का? डोळे तर टमाट्यावानी लाल!"

"केरसुणी तू माहेरूनच घेऊन आल्तीस. रिठ्याला कशाला बोल लावायलीस?"

"रेशमी साडी धुवायचा मूठभर रिठा माझ्या डोक्यात घातलात! मग बोल कुणाला लावू?"

"अन् तू पोरीच्या डोक्यावर इस्तरी फिरवून आणलीस ती?"

तेवढ्यात अपेक्षाने आतून दार उघडलं. तिच्या मुठीत केसांचा पुंजका होता. "भांडा तुमी," ती म्हणाली. "तवर उरलेले बी गळून जातील. कात्रीची गरजच न्हाई."

धुरपताबाईने तो पुंजका हातात घेतला, बोटांनी चुरून पाहिला आणि सुनेकडे न बघताच म्हणाली, "कोरड्या केसाला रिठा नगंच. शिकेकाई बी बेतानं. न्हाऊन झाल्यावर जवसाचा चीक लावू."

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ठाऊक आहे? मला घासूनपुसून गॅसवर चढवलं! माझ्यात काढा असा उसळला की पूर्णा जंक्शनवरचे लोक हातातला चहा विसरून हुंगायला लागले. मग माझ्यातच जवस उकळलं. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत होतं आणि गरम असतानाच गाळावं लागतं, नाहीतर फडकं सोडत नाही. अपेक्षाने काढ्याने केस धुतले, ओल्या केसांना तो चीक चोळला, थोड्या वेळाने धुऊन टाकला. रविवारी पुन्हा तसंच केलं. मग धुरपताबाईने कंगवा घातला. राजेश्री कात्री घेऊन शेजारी उभीच होती. कंगवा टोकापर्यंत गेला आणि एकही कट्ट आवाज आला नाही. राजेश्रीने फाटलेली टोकं तेवढी बोटभर कापली. अपेक्षा स्कार्फ न बांधता दारात जाऊन उभी राहिली.

आणि उरलेला काढा कुठे भरला? या रिकाम्या बाटलीत! वैरिणीच्या पोटात माझं पाणी. यापेक्षा गोड सूड कुठला?

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर काम झालं की तिला कोरडी पुसा, तेलाचा हात फिरवा, ओली टाकू नका. वेळेला आम्हीच उभ्या राहतो. त्या पोरीची वेणी माझ्यामुळेच...

"खोटं!" कोनाड्यातून बाटली ओरडली. "साफ खोटं! आजीनं तुझ्यात पाणी ओतलं अन् गॅसच विझला. तुला उलटी करून बघितलं, तशी म्हातारी ओट्यापाशीच रडाय लागली. तवा राजेश्रीनं आपलं दुधाचं पातेलं तिच्यापुढं सरकवलं. काढा त्यात शिजला, जवस बी त्यातच. तू तर तवाच वजरीसकट पुन्हा इथं आलीस. अगं, खाली बघ की जरा! तुझ्या बुडातून फरशीवर ऊन पडलंय."