मागे राहिलेली पानं

प्रकाशनाच्या कचेरीत तिला सगळे वाचकबाई म्हणत. काम एकच: टपालाने आलेली हस्तलिखितं वाचायची आणि प्रत्येकावर अर्धं पान अभिप्राय लिहून संपादकांच्या टेबलावर ठेवायचा. जगात लिहिणारे उदंड आणि इथे वाचणारी एक, त्यामुळे तिच्या खोलीतले गठ्ठे खिडकीच्या गजांपर्यंत चढले होते. एक दिवस संपादक दारात उभे राहून म्हणाले, "बाई, या वेगाने वाचलंत तर यातले निम्मे लेखक उत्तर मिळायच्या आधीच वर जातील." आणि त्यांनी जलदवाचनाच्या वर्गाचा कागद पुढे केला. सहा शनिवार, फी कचेरी भरणार.

वर्ग घेणारा गृहस्थ नको तेवढा उत्साही होता. टेबलावर टकटक करणारं लंबकाचं यंत्र ठेवायचा. एका टकेला एक ओळ, जमलं की दोन. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "वाचताना तुमच्या मनात कुणी बोलतं का?" सगळ्यांनी हात वर केले. "तीच तर पायातली बेडी! डोळे पळतात, तो आवाज पळू देत नाही. त्याला बंद पाडायचा." उपाय सोपा होता. वाचताना ओठ मिटून एका सुरात गुणगुणत राहायचं, म्हणजे त्या आवाजाला आत जागाच उरत नाही.

हात वाचकबाईनेही वर केला होता. पण तिच्या मनात बोलणारा आवाज तिचा स्वतःचा नव्हता, हे तिने सांगितलं नाही. तो मावशीचा होता.

आई लवकर गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. मावशी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागदांना घड्या घालायची. त्या मोठ्या कागदावर पान एकच्या शेजारी पान सोळा छापलेलं असतं, म्हणजे नायक जन्माला यायच्या आत मेलेला कळायचा, आणि पुढचा कागद दुसऱ्याच बाईच्या हातात जायचा. "अर्ध्यामुर्ध्या गोष्टींनी पोट भरत नाही बाई माझं," असं म्हणत मावशी घरी आली की वाचनालयातलं पुस्तक काढायची आणि भाचीला शेजारी बसवून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायची. पुस्तक नसलं तर औषधाच्या बाटलीतला कागद. सुरू केलेलं काही तिने अर्ध्यात सोडल्याचं कुणाला आठवत नाही. कागदाच्या धुळीने तिची फुप्फुसं खाल्ली आणि सहा वर्षांपूर्वी ती गेली. पण भाचीने कुठलाही मजकूर डोळ्यांपुढे धरला की तो मावशीच वाचायची, तशीच, मधे श्वास घेत. इतर लोक फोटो जपतात. हिच्याकडे हे होतं. नवऱ्यालाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

मग ही शहाणी बाई गुणगुणायला का लागली? खरं सांगायचं तर हौस. वर्गात पहिलं येण्याची हौस पन्नाशीतही जात नाही, आणि आवाज खरोखरच बंद पडेल असं तिला वाटलंही नव्हतं.

तिसऱ्या शनिवारनंतर तो बंद पडला. ते तिच्या लक्षातच आलं नाही, इतकी ती खुशीत होती. पूर्वी एका हस्तलिखिताला तीन दिवस लागायचे, आता दिवसाला चार उडत होती. गठ्ठे उतरले, खिडकीतून ऊन आत आलं. संपादकांनी स्वतः उठून चहा आणला. नवरा म्हणाला, "पेपर वाचतेस की स्वतःला वारा घालतेस?" महिनाभर असं चाललं.

मग एका रविवारी कपाट आवरताना तिला मावशीची चिठ्ठी सापडली. दवाखान्यातून लिहिलेली, चार पानी. तेव्हा भाची कामासाठी परगावी होती; चिठ्ठी हातात पडल्यावर मिळेल त्या गाडीने निघाली आणि मावशी गेल्यावर दोन तासांनी पोचली. ती चिठ्ठी तिने आता उघडली, आणि डोळे सवयीने सरसर खाली उतरले. आठ सेकंदांत चिठ्ठी संपली. चावी शेजारी, दुधाचं सांगून ठेवलंय, घाई नको. सगळं कळलं, पण ते वाचून सांगायला आत कुणी नव्हतं. तिने पुन्हा वाचली, बोट ठेवून वाचली, मोठ्याने वाचली. मोठ्याने वाचली तेव्हा तिचाच आवाज आला. मावशीला आपण आपल्या हाताने दुसऱ्यांदा पोचवून आलो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती भांडी घासत होती. समोर भिंत, हातात पातेलं, कागदाचा कपटा नाही. आणि आवाज आला.

"...नावेत... तिघे भाऊ चढले... आणि थोरल्याने..."

पातेलं हातातून सुटलं. आवाज मावशीचाच होता, पण धापा टाकणारा, शेवटच्या महिन्यात असायचा तसा. आणि वाक्य? ते महिन्यापूर्वीच्या हस्तलिखितातलं होतं, तिसऱ्या शनिवारनंतर तिने वाचलेल्या पहिल्याच. मावशी थांबली नव्हती, फक्त मागे पडली होती. ही पुढे दिवसाला चार-चार उरकत सुटली होती आणि ती मागून एकेक शब्द वेचत, एकही न गाळता, त्या फाटक्या फुप्फुसांनी पळत होती. शंभर हस्तलिखितं. मेल्यावरही तिला उसंत दिली नाही आपण!

तिने त्याच दिवशी चार महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. संपादक म्हणाले, "आत्ता कुठे गाडी रुळावर आली आणि तुम्ही उतरताय?" ती म्हणाली, "डोळे थकलेत." नवऱ्यालाही तेच सांगितलं. घरातलं कॅलेंडर उलटं करून टांगलं. रस्त्यात दुकानांच्या पाट्या दिसू नयेत म्हणून मान खाली घालून चालायची. बसचा नंबर लोकांना विचारायची. एक नवा शब्द डोळ्यांत गेला तरी मावशीच्या पाठीवर तेवढंच ओझं वाढणार होतं.

आणि मावशी रात्रंदिवस वाचत राहिली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, नवरा बोलत असताना. "ऐकतेस ना?" तो विचारायचा, आणि ती हो म्हणायची, पण दुसऱ्यालाच. हळूहळू धाप कमी झाली. मावशी पूर्वीसारखी स्वल्पविरामापाशी रेंगाळायला लागली. एका जुन्या पूलराखणदाराच्या कादंबरीवर तर ती अशी रमली की भाची दोन दिवस घराबाहेर पडली नाही. त्यावर हिने लिहिलेला अभिप्राय तीन शब्दांचा होता: संथ, परत पाठवावी. तिने कचेरीत फोन केला. "ती गेली की परत," संपादक म्हणाले. "तुम्हीच तर लिहिलं होतंत." तिला स्वतःची लाज वाटली.

क्रम तिला पाठ होता. सगळ्यात शेवटी, शंभर हस्तलिखितांनंतर, ती चिठ्ठी येणार होती. मावशी आपल्याच चिठ्ठीपाशी पोचेल, तेव्हा आपल्यापाशीही पोचेल, हा एकच विचार धरून ती दिवस काढत होती. त्या वेळी काय बोलायचं तेही तिने ठरवलं होतं. उशीर झाला, माफ कर, एवढंच.

रजेचे चार दिवस उरले असताना, सकाळी अकराच्या सुमाराला, ती उशांचे अभ्रे बदलत होती तेव्हा चिठ्ठी सुरू झाली. ती तशीच पलंगावर बसली.

"पोरी, चावी शेजारी ठेवली आहे. दुधाचं सांगून ठेवलंय, बंद करू नकोस, मी आले की लागेल. डॉक्टर बरा माणूस आहे, पण अक्षर वाईट. गाडीची घाई करू नकोस. मी कुठे पळून जात नाही. तुझं काम संपव आणि मग ये. नाही म्हणायला संध्याकाळी दाराकडे नजर जाते, पण ते सगळ्यांचंच होतं इथे..."

मावशी इतक्या सावकाश वाचत होती, इतकं मन लावून, की चार पानांना अर्धा तास लागला. शेवटचा शब्द झाला. भाचीने तोंड उघडलं, तोच मावशी बोलली. कागदावर नसलेलं काही ती पहिल्यांदाच बोलत होती.

"कोण गं ही बाई?"

"किती जीव आहे तिचा त्या पोरीवर," मावशी म्हणाली. "आणि पुढचा कागद कुठाय? ती पोर पोचली का वेळेवर?"

माफी मागायची तर कुणाची? मावशीला ना स्वतःची चिठ्ठी ओळखता येत होती, ना भाची. तिला फक्त गोष्टीचा शेवट हवा होता. हातातला अभ्रा पिळत भाची म्हणाली, "पोचली."

"वेळेवर?"

"हो मावशी. वेळेवर."

"बरं झालं बाई. नाहीतर जन्मभर लागून राहिलं असतं पोरीच्या जिवाला."

त्यानंतर मावशी पुन्हा बोलली नाही. सोमवारी वाचकबाई कामावर गेली. आता ती एका हस्तलिखिताला आठवडा लावते, बोट ठेवून, शब्दाशब्दाला थांबून. संपादक डोकं धरून बसतात. ओळ संपली की ती जरा वाट बघते आणि मग पुढच्या ओळीवर जाते.