अर्धी राहिलेली पाठवणी

भुवनेश्वरीच्या कमरेवर उजव्या अंगाला पुरळ उठलं, तसं सासूबाईंनी, कोंडाबाईंनी, सगळ्यात आधी घरातली फोडणी बंद केली. दाराला लिंबाचा डहाळा अडकवला. मग सुनेच्या गोळ्यांची डबी उचलून देवघरात ठेवली.

"देवीआई अंगावर आली की औषध घेत न्हाईत, पोरी."

"आत्या, त्या गोळ्या चुकवायच्या न्हाईत. डॉक्टरांनी बजावलंय."

"डॉक्टरांपरीस ती मोठी हाय."

भुवनेश्वरीला एचआयव्ही असल्याचं उन्हाळ्यात कळलं. नवऱ्याचं, व्यंकटचं, औषध आधीपासूनच होतं. तिचं सुरू होऊन महिना-दीड महिना झाला असेल. ताप गेला, भाकरी गोड लागू लागली, आणि बरं वाटतंय म्हणेस्तोवर हे! एकाच बाजूनं पट्ट्यासारखे फोड. परकराची नाडी लागली तरी आग. गोळीच अंगावर उठली की काय, असं तिच्याही मनात येऊन गेलं. त्या रात्रीची गोळी राहिली.

सकाळी मात्र ती उठून म्हणाली, "म्या उमरग्याला चालले."

आई आलेल्या बाईनं एकटीनं वेस ओलांडू नये. मंगळवारचा उपवास, तरी कोंडाबाई तिच्यासंगं एसटीत बसल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोड बघितले. "ही नागीण आहे, मावशी."

"म्हंजी गोळीनंच झालं न्हवं?" कोंडाबाईंनी विचारलं.

"गोळीमुळं असेल, पण गोळीनं बिघडवलं म्हणून नाही. अंगाची राखण करणारी माणसं आजारानं निजवली होती. गोळीनं ती उठली, झाडाझडती घेऊ लागली. जुना लपलेला चोर सापडला, त्याची ही मारामारी. गोळी थांबवली की राखणदार पुन्हा निजतील." त्यांनी नागिणीच्या वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"तिसरीत असताना," भुवनेश्वरी म्हणाली.

"तेच विषाणू. बरं वाटलं तरी ते आत नसांपाशी दडून राहतात."

कोंडाबाई चमकल्या. "म्हंजी आई तवापासून आतच हाय? गेलीच न्हाय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, एवढं बरं.

परतीच्या एसटीत कोंडाबाईंनी नव्या गोळ्यांची पुडी पदरात बांधली. मग एकदम म्हणाल्या, "तवा तुज्या आईनं देवीला वाटंला लावाय दहीभात सोडला हुता का गं?"

"ठाव न्हाय. घरात मामाचं लगीन हुतं, लई गडबड."

"बघ! पाठवणी अर्धीच राहिली. पाव्हणीला वाट न दावता ती जाईल कशी? फोड वाळू दे, दहीभात म्या सोडते."

भुवनेश्वरीनं भीत भीतच विचारलं, "आन् तवर गोळ्या?"

"राखणदार उठलेत म्हणली न्हवं ती बाई? मग? घरची समदी निजवून कुणी पाव्हणी वाटंला लावतं व्हय?"

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, देवीपुढं हात जोडले. जेवणं झाल्यावर डबी खाली घेतली आणि गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली.

"आग थांबंल का, आत्या?"

"लगीच न्हाय थांबायची. गिळ आधी."