चहा नव्हता मागितला

आधी हात धुऊन या. साबणानं. मग मला हात लावा. तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळलेलं बोट जवळ आलं की माझ्या काचेवर शहारा येतो, आणि भातकुलीच्या या घरात ती बोटं मी वर्षानुवर्षं सोसली आहेत. हो, मीच बोलतोय, टॅब. फोनपेक्षा मोठा, टीव्हीपेक्षा लहान, आणि धर्मेंद्रच्या मते कुठल्याच कामाचा नसलेला. माझी गोष्ट ऐकायची असेल तर नाकाशी रुमाल धरून ऐका. ती काही सुवासिक नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते धड आठवत नाही. हातमोजे घातलेले हात आणि पांढरे दिवे, एवढंच डोळ्यासमोर येतं. काय स्वच्छ लोक होते ते! उघड्या बोटानं मला कोणी शिवलंही नाही. तिथून खोक्यात बसून मी अकोल्याच्या एका दुकानात आलो. कोरोनामुळे शाळा बंद होत्या. नातेवाइकांकडे अकोल्याला आलेल्या धर्मेंद्रनं मला आपल्या मुलीच्या, हर्षाच्या ऑनलाइन अभ्यासासाठी घेतलं. धर्मेंद्र भाजी अन् फुलं पिकवतो आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकतो. माणूस मेहनती. पण सवयी? शी!

हर्षाकडे होतो तोवर माझे दिवस बरे गेले. ती मला ओढणीनं पुसायची, जेवताना लांब ठेवायची. पुढं ती नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली आणि मी तिच्या बापाच्या तावडीत सापडलो. प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटायचा, चिमूट गालात ठेवायची आणि तेच बोट माझ्यावरून सरकवायचं. एक रील, दुसरं रील, तिसरं रील. मध्येच पिचकारी, पुन्हा रील. एकदा हसता हसता त्याच्या तोंडातला सगळा ऐवज माझ्यावर उडाला, आणि पठ्ठ्यानं काय करावं? बनियनच्या टोकानं पुसला आणि पुढं बघायला लागला! त्याच दिवशी माझा एक कोपरा ओट्यावर आपटून तडकला. मला वाईट वाटलं नाही. वाटलं, आता तरी हा मला सोडेल.

मग एका सकाळी शेवंती तोडता तोडता धर्मेंद्रची आई, पार्बताबाई, बांधावर बसली ती उठलीच नाही. लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभ गेली. डोकं मात्र जागच्या जागी. जिनं आठवडी बाजारात ओरडून भाजी विकली, जिचा आवाज ऐकून पलीकडच्या ओळीतलं गिऱ्हाईक वळायचं, तिच्या तोंडून आता नुसतं ‘आं... आं...’ निघायचं. भेटायला येणारे तिच्यासमोरच विचारायचे, “बुडीले काई समजते का आता?” आणि वर तिच्याच घरचा चहा पिऊन जायचे. मला त्या लोकांची किळस आली. तिला सगळं समजत होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात साधना मॅडम म्हणून होत्या. वाचा गेलेल्यांना सांगता-मागता यावं हे त्यांचं काम. त्यांनी विचारलं, “घरी टॅब आहे का? त्यात चित्रं टाका. बाईंनी चित्रावर बोट ठेवलं की टॅब त्यांच्या वतीनं बोलेल.”

हर्षा लगेच अकोल्याहून आली. तिनं मला कापसानं कोपरान् कोपरा पुसून काढलं. मग घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले आणि प्रत्येकामागं स्वतःचा आवाज भरला. गडूवर बोट ठेवलं की ‘मले पाणी पाहिजे.’ कपावर ठेवलं की ‘मले च्या पाहिजे.’ कपाळाला हात लावून, तोंड वाकडं करून तिनं स्वतःचाही एक फोटो काढला. त्यावर बोट ठेवलं की ‘मले दुखते.’

पार्बताबाईचं एवढ्यावर भागलं नाही. तिनं डाव्या हातानं धर्मेंद्रकडे बोट केलं, गाल फुगवले आणि मूठ दाखवली. हर्षा हसून हसून लोळायची बाकी होती. तिनं बापाचा गालफुगवा फोटो काढला आणि त्यामागं आवाज भरला, ‘धर्मेंद्रा, थुक तो खर्रा!’ त्या दिवसापासून दिवसातून किती वेळा मी ते ओरडलो असेन! धर्मेंद्र चिडायचा, त्याची बायको मैना पदरात तोंड लपवून हसायची, आणि म्हातारी खाटेवर अशी बसायची जशी काही बाजारात दुकान मांडून बसली आहे.

तिची बोटं जाड, भेंडी तोडून तोडून घट्टे पडलेली. पण माझ्यावर एकेक चित्र पुरीएवढं. चुकायचं म्हटलं तरी चुकायचं नाही. तिच्या बोटाला मातीचा, क्वचित खोकल्याच्या औषधाचा वास यायचा. त्या बोटाचा मला कधी राग आला नाही. मी इतका खूश होतो की रात्री चार्जिंगला लावल्यावर लवकर सकाळ व्हावी असं वाटायचं.

आणि मग किशोर आला. किशोर म्हणजे मैनाचा भाऊ, अमरावतीत मोबाइलच्या दुकानात कामाला. त्यानं धर्मेंद्रच्या हातात एक लांबरुंद, चकाकणारा फोन ठेवला.

“पाहा दाजी, केवढा स्क्रीन हाय! याच्यात फोन बी आला अन् टॅब बी आला. तो फुटका डबडा कायले ठेवता घरात?”

डबडा! मी! ज्याच्या तोंडून त्याच्या बहिणीची सासू बोलत होती, तो मी डबडा!

“अन् मायचे चित्रं?” धर्मेंद्रनं विचारलं.

“टाकून देतो नं याच्यात. त्याले काय लागते?”

खरंच त्याला काही लागलं नाही. बसल्या बसल्या त्यानं सगळी चित्रं त्या फोनमध्ये उतरवली. हर्षानं अकोल्याहून विचारलं, “बाबा, आजीचे सगळे चित्रं दिसतात नं त्याच्यात?” धर्मेंद्र म्हणाला, “हाव, सगळे दिसतात.” तो खोटं बोलला नाही. सगळी दिसत होती, बोराएवढी.

माझी तडकलेली काच बघून मला बदल्यात घ्यायला किशोर तयार झाला नाही. म्हणून मैनानं मला दह्याच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून ठेवलं, मांजर तोंड घालते म्हणून. खालून आंबट वाफ, वरून माश्या, कडेला साय सुकून चिकटलेली. बंद पडलेल्या टॅबला ऐकू येतं का, दिसतं का, असं विचारू नका. येतं. दिसतं. झाकण होऊन त्याच खोलीत, पार्बताबाईच्या खाटेसमोर मी पुढचं सगळं बघत होतो.

एक गोष्ट किशोरला कळली नव्हती, की कळूनही तो बोलला नाही, देव जाणे. टॅब घरात राहतो, फोन खिशात जातो. धर्मेंद्र पहाटे भाजी घेऊन अमरावतीला निघाला की पार्बताबाईची जीभही त्याच्या खिशात बसून निघायची. तो परतेपर्यंत ती मुकी. मैना दिवसभर वावरात. दुपारी येऊन ती सासूला भरवायची आणि पुन्हा पळायची.

संध्याकाळी धर्मेंद्र फोन तिच्यासमोर धरायचा. धरायचा म्हणजे काय, दिल्यासारखा करायचा. म्हातारीनं बोट उचललं की नेमका कुठल्यातरी व्यापाऱ्याचा फोन यायचा. “थांब माय, उलीसं थांब.” मग तो फोन घेऊन अंगणात. परत आल्यावर त्याला आठवायचंही नाही की आई काहीतरी सांगत होती.

थंडी सुरू झाली. लकव्याचा पाय गार पडतो म्हणून मैनानं त्यावर लोकरी मोजा चढवला. अंग पुसताना ती म्हणायची, “राहू द्या आत्याबाई, मोजा नाई काढत. पाय गारठते.” माया होती त्यात, नाही म्हणत नाही. पण तो मोजा चढला तो चढलाच. त्याच्या आत, खाटेवर एकाच जागी टेकून टेकून, टाच फुटली.

पार्बताबाईनं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं त्या तोंड वाकडं केलेल्या फोटोवर बोट नेलं. बोट जाड, फोटो बोराएवढा, आणि त्याला खेटून कप. फोन हर्षाच्या गोड आवाजात म्हणाला, ‘मले च्या पाहिजे.’

“मैना, मायले च्या दे व!”

चहा आला. म्हातारीनं मान हलवली, पुन्हा बोट ठेवलं. ‘मले च्या पाहिजे.’

“अवं मैना, पाहिजे म्हणते अन् घेत नाई. गरम असंन. ओत बशीत.”

रोज संध्याकाळी हेच! ती दुखतं म्हणायची आणि हे तिला चहा पाजायचे. नको म्हणून ती तोंड मिटायची तर तिच्या हनुवटीवरून, गळ्यावरून चहा ओघळायचा. मी गंजावर पडल्या पडल्या ओरडत होतो, चहा नाही रे मूर्खांनो, चहा नाही! पण माझ्यात चार्जिंग नव्हतं, आणि असतं तरी माझ्याकडे बघतंय कोण?

हळूहळू खोलीत वास सुटला. आधी गोडसर, मग कुजका. दह्याच्या वाफेतूनही तो माझ्यापर्यंत पोचला. आता तुम्ही म्हणाल, एवढा वास घरच्यांना आला नाही? आला की! पण भाजीवाल्याच्या घरात कुजका वास आला तर तो कशाचा असणार? खाटेच्या पायथ्याशी पानकोबीची कॅरेटं रचलेली होती. म्हातारी डाव्या हातानं पायाकडे बोट दाखवत होती, ‘आं, आं’ करत होती, आणि धर्मेंद्र कॅरेटकडे बघत होता.

“समजलं माय, समजलं. कोबी सडली हाय. काढतो.”

त्यानं कॅरेटं बाहेर ओढली. चांगली कोबी निवडून निवडून बघितली, खालची ओली पानं उकिरड्यावर टाकली, फरशी फिनाइलनं पुसली. आणि वर बायकोला अभिमानानं म्हणतो कसा, “पाह्य, बुडीचं नाक अजून शाबूत हाय. मालाची कदर हाय तिले.”

पार्बताबाईनं डोळे मिटून घेतले. माणसाला एवढं हरलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वास. आता त्यानं झेंडूची पोती बाहेर काढली. मग उंदीर मेला असेल म्हणून माळा झाडला. घरातली एकूण एक वस्तू त्या नवरा-बायकोनं हुंगली. अंथरुणात पडलेलं माणूस तेवढं राहिलं.

हर्षा आली ती शनिवारी, न सांगता. दारातच थांबली. बॅग खाली टाकली आणि सरळ खाटेपाशी गेली. पांघरूण काढलं, मोजा ओढायला लागली तर तो निघेना. कातडीला चिकटला होता. तिनं पाणी सोडून सोडून तो भिजवला आणि अलगद सोलला. खालची टाच काळी पडली होती, कडेनं पू वाहत होता. वर्णन यापुढं करत नाही. तुम्हाला जेवायचं असेल.

मैनानं तोंडावर पदर दाबला. धर्मेंद्र म्हणाला, “अवं पण तिनं सांगितलंच नाई. रोज च्या मागे नुसती.”

हर्षानं त्याच्या हातातला फोन घेतला. आजीचं बोट धरून त्या फोटोवर ठेवलं. ‘मले च्या पाहिजे.’ पुन्हा ठेवलं. ‘मले च्या पाहिजे.’

“बाबा, आजी च्या मागत नव्हती.” एवढंच बोलली ती. फोन त्याच्या खिशात परत ठेवला आणि गाडी आणायला धावली.

अमरावतीच्या दवाखान्यात सडलेलं मांस कापून काढलं. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर वाचला नसता. पार्बताबाई घरी आली तेव्हा हर्षानं मला गंजावरून उचललं, चिकटलेली साय नखानं खरवडली, स्पिरिटनं पुसलं, चार्जिंगला लावलं. मी उजळलो. तिनं मला आजीच्या मांडीवर ठेवलं. “बोल आजी. काय पाहिजे?”

म्हातारीनं एकाही चित्राला हात लावला नाही. डाव्या हातानं तिनं मला उचललं, पायाकडे वळवलं आणि पट्टी बांधलेल्या टाचेसमोर धरून राहिली. हर्षाला कळलं. तिनं टाचेचा फोटो काढला आणि आवाज भरायला तोंड उघडलं.

म्हातारीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मग तेच बोट उचलून धर्मेंद्रकडे केलं.

धर्मेंद्र पुढं आला. माझ्याजवळ तोंड आणलं. त्या दिवशी त्याच्या गालात खर्रा नव्हता. एकदा ‘मले’ म्हणून थांबला. दुसऱ्यांदा रडायलाच लागला, आणि माझ्यात भरलेलं ते रडणं हर्षाला पुसून टाकावं लागलं. शेवटी कसाबसा बोलला, ‘मले दुखून राहिलं. माह्या पाय पाह्य.’

आता मी पार्बताबाईच्या उशाशी उभा असतो. माझ्यावर डाग पडला की मैना लगेच पुसते. फोनमध्ये टॅब येतो असं तुमच्याही कोणी किशोर सांगायला आला, तर त्याला एवढंच विचारा की तुम्ही बाहेर गेल्यावर तो फोन कोणाच्या हातात राहणार आहे.

टाच भरत आली आहे. पण धर्मेंद्र बाजारातून आला की म्हातारी अजून रोज त्या चित्रावर बोट ठेवते. त्याचाच आवाज त्याला सांगतो, ‘मले दुखून राहिलं. माह्या पाय पाह्य.’ तो हात धुतो, खाली बसतो, तिचा पाय मांडीवर घेतो, पट्टी सोडतो आणि बघतो. दुखत नसलं तरी ती दाबते, आणि तो रोज बघतो.