पुढच्या गाडीतले काका

"चूक माझी," भिंगरी म्हणाली.

हेल्मेट काखेत, कपाळावर टेंगूळ आणि डाव्या गुडघ्यावर फाटलेला पोशाख अशा अवस्थेत ती रिंगणाच्या मधोमध उभी होती. तंबूत भोवताली मेकॅनिक, टायरवाले, मॅनेजर बाई आणि संघातला दुसरा ड्रायव्हर मौनी असे सगळे उभे होते. शर्यतीत तिच्या शेजारी बसून रस्त्याची वही वाचून दाखवणारा पोरगा मनगट गळ्यात बांधून खुर्चीवर टेकला होता.

"दगडी वळणावर माझा वेग जास्त होता. गाडी हातातून गेली."

"अगं पण वहीत तर आपण कोरडं—" वहीवाल्यानं तोंड उघडलं.

"गप रे. चूक माझी म्हटलं ना?"

बाईंनी मान डोलावली. रिंगण मोडलं, लोक चहाकडे वळले. तंबूच्या खांबाला टेकून उभे असलेले काका मात्र जागचे हलले नाहीत.

ही रिंगणाची रीत काकांनीच घातलेली. गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं पोरापोरींचा हा रॅलीचा संघ त्यांच्या देखत उभा केला होता. तेव्हा येईल तो नवा ड्रायव्हर हरला की खड्ड्याला, धुळीला, नाहीतर वाऱ्याला शिव्या घालायचा. काकांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि सांगितलं, "बाळांनो, टप्पा संपला की इथं मध्ये यायचं. आधी आपली चूक बोलायची, मग गाडीची. रस्त्याचं नाव घ्यायचंच नाही. रस्ता बिचारा जागचा हलत नाही." पोरं हसली होती, पण शिकली. सगळ्यांत चांगली शिकली ती भिंगरी. पहिल्याच दिवशी मैदानात गाडी गरगर फिरवून तिनं हे नाव कमावलं होतं, आणि खाली उतरून छातीवर हात ठेवून म्हणाली होती, "माझंच चुकलं काका, गाडी सोन्यासारखी आहे."

आणि आज त्याच रितीच्या आडोशाला काका लपून उभे होते.

काकांचं काम पुढच्या गाडीचं. शर्यतीसाठी रस्ता बंद झाला की स्पर्धकांच्या आधी एका साध्या गाडीतून त्या वाटेनं जायचं, तेही पायी चालणाऱ्याच्या चालीनं. कुठे दगड घरंगळलाय, कुठे माती सुटलीय, कुठे पाणी झिरपतंय हे पाहायचं आणि वायरलेसवर वहीवाल्याला सांगायचं. तो वहीत खूण करतो, आणि ती खूण ऐकून पोर डोळे मिटल्यासारखी गाडी सोडते. म्हणजे खरं तर डोळे काकांचे आणि जीव तिचा. माणसानं माणसावर याहून अधिक विश्वास टाकायचा तो किती?

आज सकाळी चौफुलीवर शर्यतीच्या वाटेवर पहारा देणारी मार्शल मंडळी उभी होती. त्यांतला दाढीवाला म्हातारा पुढे झाला. "तुम्ही तेच ना? पूर्वी तीन चाकांवर टप्पा पुरा केला होतात ते?"

काकांच्या काळजाला गुदगुल्या झाल्या. ते खरंच तेच होते. याच कंपनीच्या गाड्यांवर त्यांनी तारुण्य घालवलं होतं, पण मोठ्या संघाचं दार त्यांना कधी उघडलं नाही. तीन चाकांची ती एक गोष्ट तेवढी गाठीला उरली होती. ती त्यांनी सांगितली. हातवारे करून, थोडी फुगवून सांगितली.

"दाखवा की जरा आम्हाला!" एक जण म्हणाला.

"जाऊ दे रे," दुसरा हसला, "आता काय राहिलं असेल त्यांच्यात? गुडघे करकरत असतील."

बस्स, तेवढं वाक्य पुरलं. चौफुलीवरून रस्ता खाली जंगलात उतरतो आणि दगडी कड्याला वळसा घालतो. वरून सगळं दिसतं. काकांनी गाडी सुसाट सोडली. वारा कानात शिरला, वय कुठल्या कुठे उडालं. कड्याच्या वळणावर मागची चाकं घसरली. काकांनी स्टिअरिंगला नेमका हिसका दिला आणि गाडी वाटेवर आणली. वरून आरोळी ऐकू आली. गाडी घसरली होती पाण्यानं, आणि काकांना वाटलं, आपल्या हातानं! मन किती लबाड असतं पाहा. पायाखालचा चिखलसुद्धा ते आपल्या कौतुकाच्या खात्यात जमा करतं.

"जंगलाचा पट्टा कोरडा आहे," त्यांनी वायरलेसवर सांगितलं. "बिनधास्त सोड म्हणावं."

पुढे भिंगरीची गाडी कड्यावर आदळल्याचं कळलं, तेव्हा ते टोचनवाल्याबरोबर धावत गेले. वळणावर उतरताच त्यांचा बूट सटकला. कड्यातून झिरपणारं पाणी रस्ताभर पातळ पसरलं होतं. सावलीत ते नुसतं काळं दिसत होतं. काका त्या काळ्या रस्त्याकडे पाहत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाहीत. रिंगणात बोलायला हवं होतं. तिथेही नाही.

या रॅलीवरून भिंगरी आणि मौनी या दोघांतल्या एकाला कंपनीच्या मोठ्या संघात घेणार होते. पुढल्या वर्षी भिंगरी वयानं या संघातून बाद होणार, हे तिलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी तंबूबाहेर भिंगरी स्वतःच बंपरला चिकटपट्ट्या लावत बसली होती. मेकॅनिकांचा फोरमन म्हणाला, "अगं, गाडीला मलमपट्टी करतेस, आधी तुझ्या कपाळाला लाव."

"माझं कपाळ गाडीपेक्षा मजबूत आहे," ती म्हणाली.

काका तिला पाना देत होते, तिनं न मागताच. तेवढ्यात चौफुलीवरचे मार्शल हजर झाले. त्यांना काकांबरोबर फोटो हवा होता.

"काका! काय काढलीत हो सकाळी गाडी त्या दगडी वळणावरून!" सकाळी गुडघ्यांवर हसलेलाच आता सर्वांत पुढे होता. त्यानं दोन्ही हात आडवे फिरवून दाखवले. "मागची चाकं अश्शी गेली!"

भिंगरीचा हात पट्टीवर थांबला. "घसरली होती?" तिनं विचारलं.

"घसरली म्हणजे काय! नाचली!"

तिनं काकांकडे पाहिलं. फार वेळ नाही, जितका वेळ आरशात मागची गाडी पाहायला लागतो तितकाच. मग म्हणाली, "अच्छा." आणि पट्टीचं टोक दातानं तोडून पुन्हा कामाला लागली.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पाना फेकून मारला असता तरी चाललं असतं. पण तिनं नुसतं 'अच्छा' म्हटलं. फोटोत ते हसले असावेत, कारण मार्शल खूश होऊन गेले.

घरून बायकोचा फोन आला. "जेवलात का?"

"भूक नाही."

"आवाज असा का?"

"काही नाही गं."

"तुमचं काही नाही म्हणजे बरंच काही असतं. सांगा."

काका गाड्यांच्या आडोशाला गेले. "मी आज मिरवलो गं," ते म्हणाले.

पलीकडून तिनं हळूच विचारलं, "कुणाच्या जिवावर?"

काकांनी फोन खिशात ठेवला आणि थेट बाईंच्या टेबलापाशी गेले. "रिंगण करा," ते म्हणाले.

"झालं की मघाशी."

"एक माणूस राहिलाय."

पुन्हा सगळे जमले. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या हातात फडकं. काका मध्ये जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कधी मध्ये उभे राहिले नव्हते. नेहमी कडेला असत, शिकवणाऱ्याच्या जागी. मधून सगळ्यांचे डोळे दिसतात हे त्यांना आज कळलं.

"दगडी वळणावर रस्ता ओला—" ते म्हणाले आणि थांबले. रस्त्याचं नाव घ्यायचं नाही.

"चूक माझी. मला सावकाश जायचं होतं, मी शर्यत केली. चार लोकांनी पाहावं म्हणून केली. काही पाहिलं नाही आणि बिनधास्त सोड म्हणून सांगितलं. पोरीचा वेग बरोबर होता. आणि मघाशी ती इथं उभी राहून माझी चूक स्वतःची म्हणत होती, तेव्हा मी त्या खांबाला टेकून ऐकत होतो."

फोरमन फडक्यानं कोरडेच हात पुसत राहिला.

बाई उठून बाहेर गेल्या. त्या फोनवर बोलताना दिसत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांनी काकांकडे नाही, भिंगरीकडे पाहिलं. "तुझी गाडी आदळल्यावर दुपारीच मोठ्या संघासाठी मौनीचं नाव गेलंय. मी सगळं सांगितलं. कंपनीवाले म्हणतात, वाईट वाटतं, पण त्यानंही गाडी छान चालवलीय. त्याचं नाव मागे कसं घ्यायचं?"

"नकाच घेऊ," भिंगरी म्हणाली. "त्यानं कुठे काय केलंय?" मौनी खाली मान घालून बुटाच्या नाड्या सोडू-बांधू लागला.

"बाई, मला आजच मोकळं करा," काका म्हणाले.

"आणि उद्या पुढे कोण जाणार? शेवटचा टप्पा आहे, तोही त्याच जंगलातला. माणूस कुठून आणू?"

"मनगट मोडलंय, पण जीभ शाबूत आहे," वहीवाला म्हणाला. "मी वाचणार. पुढून सांगणारा तेवढा द्या."

सगळे भिंगरीकडे पाहू लागले. उद्या तिच्यासाठी जिंकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी गाडी तिनं चिकटवून उभी केली होती.

"काकाच जाऊ देत," ती म्हणाली. "आज पाणी त्यांना दिसलं नाही. उद्या त्यांच्याइतकं कुणाला दिसणार?" मग पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहून म्हणाली, "पण सावकाश जा हं."

काकांना मान वर करता येईना. देवानं शिक्षा दिली असती तर ती सोसून मोकळं होता आलं असतं. हा विश्वास मात्र सोसायलाच कठीण होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौफुलीवर तेच मार्शल होते. काकांची गाडी येताना पाहून एकानं मोबाइल वर धरला. "काका, होऊन जाऊ द्या आजही!"

काकांनी काच खाली केली नाही. गाडी रांगत उताराला लागली. वाटेतला प्रत्येक खडा, प्रत्येक ओलं पान ते सांगत गेले. दगडी वळणावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि गुडघे टेकले. गुडघे खरंच करकरले. सावलीतल्या काळ्या रस्त्यावर त्यांनी तळहात ठेवला, आणि ठेवूनच राहिले.

"दगडी वळण," दुसऱ्या हातानं वायरलेस तोंडाशी धरून ते म्हणाले. "ओलं आहे."

"किती ओलं, काका?" वहीवाल्याच्या जागी तिनंच विचारलं.

"आतल्या कडेपासून मधल्या पट्ट्यापर्यंत. बाहेरची कड कोरडी आहे. हात लावून सांगतोय, बाळ."

मग ती म्हणाली, "बरं."

काका उठले. तळहात पँटीला पुसायला गेला आणि मध्येच थांबला. तसाच ओला हात त्यांनी स्टिअरिंगवर ठेवला आणि पायी चालणाऱ्याच्या चालीनं वळण ओलांडलं. वर मार्शलनं मोबाइल केव्हाच खिशात घातला होता.